कळण्याची भाकरी आणि सात सह्या

घरघंटी विकायची तर ती चालू असताना आपलं तोंड बंद ठेवावं. हे मला फैजपूरच्या एका वहिनींनी शिकवलं. मी मोटर चालू करून यंत्राचे गुण गात होतो, त्यांनी दोन मिनिटं सहन केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, दोघांपैकी एक कोणीतरी चालू ठेवा." मी गप्प बसलो. पीठ खाली पडलं, वहिनींनी चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि घरघंटी घेतली. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं सोडून मी चिमटीकडे बघायला लागलो. पीठ चिमटीत धरून बाई गप्प झाली की समजायचं, सौदा झाला.

ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरघंटी म्हणजे लहान कपाटाएवढी पिठाची गिरणी. वरून धान्य टाकायचं, आत पोलादी पातं गरगर फिरतं, जाळीतून पीठ खालच्या डब्यात पडतं. जाळी बदलली की बारीक किंवा जाड. विजेवर चालते, आवाज करते, आणि गल्लीतल्या चक्कीवर डबा घेऊन उभं राहणं वाचवते. एवढंच. पण एवढ्यावर माझी सगळी नोकरी पार पडली म्हटलं तरी चालेल. आधी मिक्सर, मग कुकर, आणि शेवटची बरीच वर्षं घरघंट्या. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांचा मी प्रमुख होतो. लोक मला अरुणभाऊ म्हणत, आणि मी स्वतःला काय समजत होतो ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पहूरचे एक नाना रुमालात घरची ज्वारी बांधून आणायचे आणि प्रत्येक दुकानात दळून बघायचे. चार दुकानं फिरले. घरघंटी काही घेतली नाही, पण संध्याकाळपर्यंत त्यांचं आठवड्याचं पीठ फुकट दळून झालं होतं. एका घरात तर माझ्याकडून घेतलेली घरघंटी मला तीन वर्षांनी दिसली, तिच्यावर लोकरीचं विणलेलं झाकण, झाकणावर गणपती आणि गणपतीपुढे उदबत्ती. दळण? दळण चक्कीवरच चालू होतं. मालकीणबाई म्हणाल्या, एवढी महागाची वस्तू, खराब नाही का होणार वापरून!

तर या अंकासाठी संपादकांचा फोन आला की नेतृत्वावर लिहा, तुम्ही एवढी माणसं सांभाळलीत, तुमचे धडे नव्या पिढीला कळू द्या. मी खूश झालो. कागद पुढे ओढला आणि धडे आठवायला लागलो. खरं सांगू? दुसऱ्यांना मी खंडीभर धडे दिले, त्यातला एकही आठवेना. जो आठवला तो मला बसलेला होता. तोच लिहितो.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जळगावच्या ऑफिसात आमची बैठक व्हायची. बैठक म्हणजे मी बोलायचो आणि माझी आठ-नऊ माणसं ऐकायची. दोन तास. फळ्यावर बाण काढायचो, गोल काढायचो. कोणी हात वर केला की हसून म्हणायचो, "प्रश्न शेवटी." शेवटी काय व्हायचं, तर एक वाजलेला असायचा, शेव-भाजीचे डबे आलेले असायचे, आणि शेव-भाजीसमोर प्रश्न विचारण्याइतका करारी माणूस खानदेशात अजून जन्माला यायचाय. मला वाटायचं, कोणाला काही शंकाच उरत नाही, किती छान समजावतो मी.

त्या वर्षी आमच्यात मंदाअक्का आल्या. साक्रीच्या. चाळिशीच्या आसपास, अंगानं बारीक, चालणं झपाट्याचं. त्या आधी गावातल्या बायकांना जमवून बिबडे-पापड करायच्या. आमच्याकडे त्यांचं काम म्हणजे गावोगाव जाऊन घरघंटी चालवून दाखवणं. आयुष्यातलं पहिलं नेमणूकपत्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलं होतं आणि पिशवीत कायम जवळ ठेवायच्या. एसटीत कंडक्टरनं पास मागितला तर आधी नेमणूकपत्र निघायचं, मग पास.

पहिल्याच बैठकीत त्यांनी हात वर केला. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, प्रश्न शेवटी. त्यांनी हात खाली घेतला नाही. म्हणाल्या, "भाऊ, आठे बठ्ठ्या बाया कळणा दळतीन. मीठ टाकीसन."

अक्का म्हणत होत्या की इथल्या सगळ्या बाया यात कळणा दळतील, मीठ टाकून. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र करायचे, त्यातच खडे मीठ टाकायचं आणि सगळं मिळून दळायचं, तो कळणा. हिवाळ्यात वांगी आली, भरीत झालं, की त्याच्याबरोबर कळण्याची भाकरी. तिच्याशिवाय भरीत खाणाऱ्याला आमच्याकडे आजारी समजतात. आता कळणा मला ठाऊक नव्हता असं नाही हो, मी पहूरचा, दात यायच्या आधीपासून खातोय! पण मी तो फक्त ताटात पाहिला होता. दळतात कसा, हे बघायला मी कधी स्वयंपाकघरात गेलो होतो?

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्का, आपण गहू दाखवतो. गहू दळा, गहू बोला. कंपनीच्या छापील कागदाबाहेर एक शब्द नको." सगळे हसले. मीही हसलो. अक्का खाली बसल्या, आणि मी फळ्यावर पुढचा बाण काढला.

दिवाळीला आम्ही अक्षरशः धुमाकूळ घातला. धुळे-साक्री भागात तर अक्कांनी एवढ्या घरघंट्या खपवल्या की धुळ्याचे आमचे विक्रेते पारसशेठ यांना शेजारचा गाळा भाड्यानं घ्यावा लागला. पारसशेठ मूळचे मारवाडातले, जैन, तीन पिढ्या धुळ्यात, रागावले तरी आवाज न चढवणारे. कंपनीनं जाहीर केलं की या वर्षी पहिला नंबर खानदेशचा, आणि त्याच्या प्रमुखाला, म्हणजे मला, बायकोसह बँकॉकची सहल. सुनंदानं, म्हणजे बायकोनं, चाकांची मोठी सूटकेस आणली. मी त्या महिन्याच्या बैठकीत अडीच तास बोललो.

मग थंडी पडली. वांगी आली.

पहिला फोन पारसशेठचा. म्हणाले, "अरुणभाऊ, दुकानात माल कमी आणि बाया जास्त झाल्या आहेत. जरा येता का?" त्यांचा सूर ऐकून मी तडक धुळ्याची गाडी धरली. गेलो तर दुकानापुढे रिक्षांची रांग, प्रत्येक रिक्षात एक घरघंटी. कळण्यातलं मीठ ओल धरतं. पीठ आत चिकटून जाळ्या बुजलेल्या, मोटरी तापून बंद पडलेल्या, पात्याच्या स्क्रूंना तांबूस गंज. दुकानात मधोमध जिजाआजी नावाच्या सत्तरीच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, समोर त्यांची बंद घरघंटी. सकाळपासून बसलेल्या. पारसशेठनी दोनदा चहा दिला, तो त्यांनी घेतला, पण उठल्या नाहीत. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं की हे यंत्र बनवणाऱ्यानं कधी भाकरी खाल्ली आहे का.

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. आमच्याही घरी तीच घरघंटी, मग आपली कशी बंद पडली नाही? ती पोळी लाटतालाटता म्हणाली की आपला कळणा ती पहिल्यापासून गल्लीतल्या दगडी चक्कीवरच पाठवते. मीठ घालून लोखंडात कोण दळेल?

"मग मला सांगायचं नाही का?" मी ओरडलोच.

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली आणि पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मीठ दळू नये, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. आहेच लिहिलेलं, मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. त्यामुळे गॅरंटी लागू नाही. आणि ज्यांनी यंत्र चालवून दाखवलं त्यांनी बायकांना बजावलं नाही, तेव्हा चूक त्यांची. धुळे-साक्रीला कोण होतं त्यांचं नाव लिहून पाठवा, त्यांना कमी करू, प्रकरण मिटेल. तुमच्या सहलीला काही अडचण नाही, हेही ते जाताजाता म्हणाले.

मी पत्र लिहायला घेतलं. आज हे लिहितानाही कान गरम होतात, पण लपवून काय करू? मंदाअक्कांचं नाव मी लिहिलं होतं. पूर्ण नाव, गावासकट. पत्राला त्यांचे फॉर्म जोडायचे होते, म्हणून फाईल काढली.

हे फॉर्म म्हणजे दर आठवड्याचा अहवाल. गाव कोणतं, किती बायका आल्या, काय दळून दाखवलं, आणि शेवटी एक रकाना, सूचना. खाली प्रमुखाची सही. दर रविवारी मी चहा पिताना गठ्ठ्यावर सह्या ठोकत जायचो. सूचनांच्या रकान्यात कोणी काही लिहीत असेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अक्कांचा पहिला फॉर्म बघितला. सुवाच्य, शाळेतल्यासारखं अक्षर. सूचना: बायका कळणा दळता येतो का विचारतात. त्यात मीठ असतं. काय सांगू? खाली माझी सही. दुसरा फॉर्म, तोच प्रश्न, खाली माझी सही. तिसऱ्यात त्यांनी कळणा शब्दाखाली रेघ ओढली होती. चौथ्यात दोन रेघा. असे सात फॉर्म, सात आठवडे, सात वेळा तोच प्रश्न आणि सात वेळा माझी झोकदार सही, शेवटी वेलांटीसारखा फटकारा मारलेली.

आपली लाज आपल्यालाच वाटणं म्हणजे काय, ते त्या दुपारी मला समजलं. मग पत्र फाडलं आणि साहेबांना फोन केला की नाव कागदावर पाठवत नाही, तुम्हीच या, समोरासमोर देतो.

शुक्रवारी साहेब जळगावला आले. सगळी माणसं जमली. अक्का भिंतीकडच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी, पिशवीत ते मढवलेलं नेमणूकपत्र. त्यांना कोणाकडून तरी बातमी लागली होती. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. साहेब म्हणाले, बोला, कोणाची चूक?

मी सातही फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले. "साहेब, सूचना वाचा. मग खालची सही वाचा. नाव तिथंच आहे."

साहेबांनी एकेक करत सातही वाचले. मग मी माणसांकडे वळून सांगितलं की अक्कांनी पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं, नंतर सात वेळा लेखी सांगितलं, आणि मी ऐकलं नाही. त्या दिवशी मी हसलो, तुम्हालाही हसवलं, त्याची माफी मागतो. त्या बैठकीत मी एवढंच बोललो. सगळ्यात छोटं भाषण.

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा पुसला आणि म्हणाले, ठीक आहे, अक्का कामावर राहतील. पण यंत्रं दुरुस्त करून दिली तरी बायका उद्या पुन्हा मीठ टाकणार. त्याचं काय? त्यांनीच उपाय सुचवला की मीठ दळूच नका, पीठ मळताना घाला म्हणावं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावता डोलावता थांबलो. मान वळवली आणि नोकरीत पहिल्यांदा खालच्या माणसाला खरंच विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

अक्का म्हणाल्या, "भाऊ, सातवा फॉर्म उलटा करा."

उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: खडे मीठ मिक्सरमधून बारीक काढायचं. ज्वारी-उडीद नुसते दळायचे. पीठ बाहेर आल्यावर मीठ मिसळून एकदा चाळायचं. घरी करून पाहिलं. चालतं.

साहेबांना आपलाच उपाय सोपा वाटत होता, अक्कांना आपला. मी पारसशेठना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले की यात भांडायचं काय, ज्या बाया रागावल्यात त्यांनाच विचारा, उद्या माझ्या मळ्यात भरीत करू, सगळ्यांना बोलवा. फक्त दिवसाउजेडी, कारण आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवतो.

साक्री रस्त्यावर पारसशेठचा मळा. शनिवारी दुपारी तिथं पंचवीसेक बाया जमल्या, कपाळावर आठ्या घालूनच. कपाशीच्या काड्या पेटवल्या, हिरवी, हाताएवढी लांब वांगी भाजली, मिरच्या-लसूण-शेंगदाणे ठेचून वर कांद्याची पात. वास सुटला तशा आठ्या जरा सैल झाल्या. पारसशेठ स्वतः वांगं, कांदा, लसूण काहीच खात नाहीत, ते दह्याची वाटी घेऊन बाजूला बसले. साहेबांना मात्र भरीत तिखट लागत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते थांबत नव्हते. भाकऱ्या दोन चुलींवर थापल्या जात होत्या. एका चुलीवर साहेबांची, म्हणजे मळताना मीठ घातलेली, दुसरीवर अक्कांची. कोणती कुठली, ते अक्का आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. जिजाआजींना मधोमध बसवलं. खुर्ची नको म्हणाल्या, यावेळी जमिनीवर बसल्या.

पहिला तुकडा साहेबांच्या भाकरीचा. आजींनी चावला, थांबल्या, आणि हात झटकून म्हणाल्या, "हाई कळणानी भाकर नही. मीठ वरनं शे." मीठ वरचं आहे, हे आजींनी पहिल्याच घासात ओळखलं, आणि बायांमध्ये खसखस पिकली. साहेबांनी मान खाली घातली आणि भरीत खायला लागले.

दुसरा तुकडा अक्कांचा. आजी सावकाश चावत राहिल्या. अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी तसाच धरून उभा. आजींनी घास गिळला. भाकरीचा उरलेला भाग उचलला, त्यावर भरीत घेतलं, दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला. मग अक्कांकडे बघून म्हणाल्या, "आन बरं आखो एक."

आजींनी आणखी एक भाकरी मागितली म्हटल्यावर मळ्यात जो गलका झाला तो विचारू नका. कोणी अक्कांची पाठ थोपटत होतं, कोणी पीठ चिमटीत धरून बघत होतं. साहेबांनी तिथंच, हात धुवायच्या आधी, सांगितलं की खानदेशातल्या बंद पडलेल्या सगळ्या घरघंट्या फुकट दुरुस्त होतील, आणि पुढच्या वर्षापासून इथं गव्हाआधी कळणा दाखवायचा, तो कसा दाखवायचा ते मंदाअक्का सगळ्यांना शिकवतील. अक्कांनी पिशवीतून नेमणूकपत्र काढलं आणि साहेबांना म्हणाल्या की हे यावर लिहून द्या. प्लॅस्टिकवर पेन उमटेना. शेवटी साहेबांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं. तोही अक्कांनी मढवून घेतला.

बँकॉक गेलं. जायलाच हवं होतं. सुनंदाच्या सूटकेसमध्ये आता गोधड्या आहेत, आणि दर हिवाळ्यात त्या काढताना ती माझ्याकडे बघून हसते. पुढची बढतीही राहिली. पण निवृत्तीपर्यंतची माझी शेवटची दोन वर्षं सगळ्यात मजेची गेली, कारण बैठकीत मला पहिल्यांदाच नवीन काहीतरी ऐकायला मिळायला लागलं. दोन तासांचं भाषण वीस मिनिटांवर आणलं. त्याहून कमी जमेना, स्वभाव आहे.

मी निवृत्त झालो आणि माझ्या जागी मंदाअक्का आल्या. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला पाहुणा म्हणून बैठकीला बोलावलं. मी आदल्या दिवसापासून तयारी केली, नेतृत्वावर चार पानं लिहिली, इस्त्रीचा सदरा घातला. ऑफिसात गेलो तर फळाच नाही! खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि अक्कांच्या हातात सगळ्यांच्या फॉर्मांचा गठ्ठा, सूचनांच्या रकान्यांवर लाल पेनानं खुणा. त्यांनी माझी ओळख फार चांगल्या शब्दांत करून दिली. मला भरून आलं. मी उठलो, खिशातून चार पानं काढली, घसा खाकरला.

अक्कांनी अगदी प्रेमानं माझ्या दंडाला धरलं आणि मला परत खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "भाऊ, आधी प्रश्न. भाषण शेवटी."

प्रश्न सुरू झाले. एकेक असा होता की मलाही वही काढून लिहून घ्यावंसं वाटलं. शेवट आला तेव्हा एक वाजला होता, दारात जेवणाचे डबे आले होते, भरीत आणि कळण्याची भाकरी. मी चार पानं घडी घालून परत खिशात ठेवली आणि सगळ्यांच्या आधी ताट घेतलं.